लढाई दुसऱ्यांची, डोंगर अंगामींचा : कोहिमाचा प्रवास

कोहिमाला जायचं बाबांच्या मनात फार वर्षांपासून होतं. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले. बेळगावला रंगरूट असताना उस्तादांनी सांगितलेली सांगशाकची हकिगत आम्ही भावंडं त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलोय. दुसरं महायुद्ध, मार्च १९४४. मणिपूरच्या डोंगरात सांगशाक नावाचं तांगखुल नागांचं गाव. तिथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर ४/५ मराठा ही पलटण २२ ते २६ मार्च जपान्यांसमोर ठाण मांडून होती. जमीन खडकाळ, खंदक नीट खोदता येईनात, तारेचं कुंपण नाही, वेढ्यात पाणी नाही. शेवटी २६ तारखेच्या रात्री माघारीचा हुकूम आला. पण जपान्यांचे हे जे दिवस तिथे खर्ची पडले, तेवढाच वेळ कोहिमाला तयारीसाठी मिळाला.

मणिपूरमधली परिस्थिती पाहता सांगशाकला जायचा बेत आम्ही बाजूला ठेवला. ती जपानी फौज सांगशाकवरून जिकडे निघाली होती, त्या कोहिमाला मात्र जाता येत होतं. नोव्हेंबरच्या अखेरीला मी आणि बाबा निघालो.

गुरुवार : दिमापूर ते कोहिमा

दिमापूरहून कोहिमा साधारण ७० किलोमीटर. रस्ता आता बराच रुंद झालाय, मधले काही दरड कोसळलेले पट्टे सोडले तर त्रास नाही. दिमापूरची उष्ण, धुळीची हवा चुमूकेदिमाच्या चढाला मागे पडते आणि तासाभरात खिडकीची काच वर करावी लागते. कोहिमा १,४४४ मीटर उंचीवर आहे. दुपारी साडेचारला सूर्य डोंगराआड गेला आणि पाचला मिट्ट काळोख. देशाच्या इतक्या पूर्वेला आलोय, हे घड्याळापेक्षा उजेडानेच जास्त जाणवतं.

शहरातल्या हॉटेलऐवजी आम्ही कोहिमा गावात राहिलो. शहराच्या माथ्यावर असलेलं हे अंगामी नागांचं मूळ गाव. शहरातले लोक त्याला बडा बस्ती म्हणतात. गावाचे चार खेल आहेत, म्हणजे चार मोठ्या आळ्या, आणि सगळे त्यांना डी, एल, पी, टी अशा आद्याक्षरांनीच ओळखतात. घरमालकीण आंटींनी आल्या आल्या चुलीपाशी बसवलं. चुलीच्या वर बांबूची चौकट टांगलेली, तिच्यावर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या धुरात काळ्या होत होत्या. बाबा माळकरी आहेत. फोनवर आधी सांगून ठेवलं होतं, तरी मला धाकधूक होती. आंटींनी बाबांच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली, काय ते विचारून घेतलं आणि वेगळ्या पातेल्यात गल्हो रटरटायला ठेवला. गल्हो म्हणजे तांदूळ आणि हिरवा पाला एकत्र शिजवलेला पातळसर भात, अगदी आपल्या गुरगुट्या भाताच्या जातीचा. एरवी त्यात मांस असतं. बाबांसाठी घेवड्याचे दाणे आणि मोहरीचा पाला होता. बाबांनी दोनदा मागून घेतला. मी धुरावरचं डुकराचं मांस आणि बांबूचे आंबवलेले कोंब खाल्ले. चटणीत राजा मिरची होती. नखाएवढा तुकडा पुरतो, हे आंटी आधी सांगतात, ते ऐकावं.

जाणाऱ्यांसाठी: नागालँडसाठी भारतीयांनाही इनर लाइन परमिट लागतं, दिमापूरसाठीसुद्धा. ते ऑनलाइन मिळतं. छापील प्रत दोन ठिकाणी ठेवा. दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात, तेव्हा औषधं, बॅटरी, सुकं खाणं दिवसाउजेडी घ्या. शाकाहारी असाल तर मुक्काम ठरवतानाच सांगा. तांदूळ, डाळ, पालेभाजी सगळीकडे असते, पण ती मांसाच्या भांड्यात शिजू नये असं वाटत असेल तर तेही स्पष्ट बोला. कुणी वाईट वाटून घेत नाही.

शुक्रवार : गॅरिसन टेकडी

युद्धस्मशानभूमी शहराच्या ऐन मध्यात आहे. खाली चौकात गाड्यांचा गोंगाट आणि फाटकातून आत गेलं की पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारी हिरवळ, तिच्यावर ओळीनं बसवलेल्या पितळी पाट्या, मधे गुलाबाची झाडं. इथे १,४२० सैनिकांच्या कबरी आहेत. सगळ्यात वर, टेकडीच्या माथ्याशी, दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक.

बाबांनी नकाशा आणला होता. त्यांनी मला तिथल्या तिथे लढाई समजावली, आणि ती समजायला तीच जागा हवी. दक्षिणेकडून टेकड्यांची एक माळ येते: जीपीटी रिज, जेल हिल, डीआयएस, एफएसडी, कुकी पिकेट आणि शेवटी गॅरिसन हिल, जिच्यावर आपण उभे असतो. नावं बहुतेक लष्करी कामकाजातली. डीआयएस आणि एफएसडी म्हणजे शिध्याची कोठारं. या माळेच्या पायथ्यानं दिमापूर–इंफाळ रस्ता जातो. त्या रस्त्यासाठीच हे सगळं झालं. दिमापूरला रेल्वे आणि रसदीचं प्रचंड कोठार. ते जपान्यांच्या हाती गेलं असतं तर आसामचा दरवाजा उघडला असता.

४ एप्रिल १९४४ ला लेफ्टनंट जनरल कोटोकू सातो यांची ३१ वी डिव्हिजन कोहिमाला भिडली. त्यांचे सैनिक बारा ते पंधरा हजार. टेकडीवर लढणारे जेमतेम दीड हजार: रॉयल वेस्ट केंट, आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स आणि जे हाताशी आले ते. वेढा आवळत आवळत डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉसी यांच्या बंगल्यातल्या टेनिस कोर्टापर्यंत आला. कोर्टाच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, मधे हातबॉम्ब टाकण्याएवढंच अंतर. विमानांतून पाण्याचे डबे पॅराशूटनं टाकले जात आणि त्यांतले कितीतरी शत्रूच्या हद्दीत पडत. १८ एप्रिलला १/१ पंजाब ही पलटण रणगाड्यांसह पोहोचली, २० तारखेला केंटच्या उरलेल्या सैनिकांना खाली आणता आलं. टेनिस कोर्ट मात्र १३ मे रोजी हाती आलं, तेही उतारावरून एक रणगाडा खाली आणून अगदी जवळून मारा केल्यावर.

त्या कोर्टाच्या रेषा पांढऱ्या काँक्रीटनं आखून ठेवल्यात. मी त्या पायांनी मोजल्या. शाळेच्या पटांगणापेक्षा लहान जागा. तिच्या कडेला चेरीचं झाड आहे. जपानी नेमबाज ज्या झाडावर बसायचे ते गोळीबारात उडालं. आताचं झाड त्याच्याच बुंध्यातून फुटलेलं.

लान्स कॉर्पोरल जॉन हार्मन यांची कबर आम्ही शोधली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. शेजारच्या पाट्यांवर वय वाचत गेलं की पाय जड होतात: २०, २२, १९. ब्रिटिश पाट्यांवर घरच्यांनी निवडलेल्या दोन ओळी आहेत. खाली फाटकाजवळ ब्रिटनच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या शिळेवर तो प्रसिद्ध मजकूर कोरलाय: घरी गेलात की आमच्याबद्दल सांगा, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला. ती प्रचंड शिळा नागा लोकांनी ओढून वर आणली. ते करणाऱ्यांचं नाव मात्र कुठे दिसलं नाही.

वरच्या स्मारकापाशी बाबा बराच वेळ उभे होते. एकेक नाव बोट न लावता वाचत होते. मग त्यांनी टाचा जुळवून सलामी दिली. परत येताना म्हणाले, "अगं, यांच्यातल्या कितीकांच्या घरच्यांना ही जागा कुठं आहे तेही कळलं नसंल." आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरटी माणूस फौजेत. तिथल्या माणसाला हे बोलायचा अधिकार आहे. जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनेचे जवानही या मोहिमेत होते, म्हणजे आपलीच माणसं दोन्हीकडे. बाबांना हे माहीत होतं. त्यांनी त्यांच्यासाठीही हात जोडले.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी फाटक उघडताच जा. प्रवेश फुकट. किमान दोन तास ठेवा आणि आधी वर माथ्यावर जाऊन मग खाली या, म्हणजे लढाईचा उतार कळतो. ज्येष्ठ असतील तर पायऱ्या सावकाश. बसायला जागा आहे.

शनिवार : खोनोमा

कोहिमाच्या पश्चिमेला २० किलोमीटरवर खोनोमा. वाटेत जोत्सोमा लागतं. १९४४ मध्ये वेढ्यातल्या लोकांना तोफांची साथ तिथूनच मिळत होती. पुढे दरी उघडते आणि खाली भाताच्या पायऱ्या. पीक नुकतंच निघालं होतं, खाचरांत साचलेल्या पाण्यात आभाळ दिसत होतं. गावात वाटाड्या घ्यावा लागतो आणि तो घ्यावाच. आम्हाला भेटलेला तरुण कोहिमात शिकून परत आलेला, हिंदी उत्तम.

त्यानं आधी गड दाखवला. गड म्हणजे दगडांची तटबंदी असलेला सेमोमा खेलचा माथा. १४ ऑक्टोबर १८७९ ला ब्रिटिश अधिकारी डॅमंट इथे मारला गेला. त्यानंतर नागांनी कोहिमाच्या ब्रिटिश ठाण्यालाच वेढा घातला. मग मोठी फौज आली, खोनोमावर हल्ला झाला, लढवय्ये जाप्फू डोंगराच्या उंच गुहा-कड्यांत गेले आणि तिथून हिवाळाभर झुंजत राहिले. मार्च १८८० मध्ये तह झाला. म्हणजे १९४४ च्या पासष्ट वर्षं आधी या डोंगरावर एक वेढा पडून गेलेला होता, आणि त्यात वेढणारे अंगामी होते. कोहिमाची लढाई म्हणून आपण जे वाचतो, त्यात हे पान नसतं. मला ते इथे, तटाच्या दगडावर बसून कळलं आणि आदल्या दिवशी पाहिलेलं सगळं वेगळं दिसायला लागलं.

मग तो म्हणाला, आता आमचं झाड दाखवतो. उतारावर ओळीनं उतीसची झाडं, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर छाटलेली, बुंधे गाठाळ. या झाडाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. फांद्या तोडून सरपण करायचं, बुंधा जिवंत ठेवायचा, खाली पिकं घ्यायची, मग जमीन झोपू द्यायची तोवर झाड पुन्हा फुटतं. फिरती शेती म्हणजे जंगल जाळणं, एवढंच आपण शाळेत शिकलो. इथे पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन पिकतेय. बाबा शेतकरीही आहेत; ते प्रत्येक बुंध्याला हात लावून पाहत होते आणि आपल्याकडच्या शेवग्याच्या छाटणीबद्दल त्याला सांगत होते. दोघांचं माझ्या मदतीशिवाय चाललं होतं.

शिकार हा जिथे पुरुषार्थ होता, त्या गावानं १९९८ मध्ये स्वतःच्या जंगलात शिकारबंदी करून ब्लिथ ट्रॅगोपॅन या पक्ष्यासाठी अभयारण्य केलं. सरकारनं नव्हे, गावानं.

खोनोमा हे नागा चळवळीचे नेते फिझो यांचं गाव. वाटेत एक स्मारकशिळा आहे. तिच्यावर नागा हे भारतीय नाहीत अशा अर्थाचा मजकूर आहे. मी थबकले. बाबांनी तो मजकूर दोनदा वाचला. त्यांनी वाटाड्याला एवढंच विचारलं, तुमच्या घरातलं कुणी गेलं का त्या काळात. तो म्हणाला, आजोबांचे भाऊ. बाबा म्हणाले, "आमच्याकडनं आलेली पोरंबी गेली." थोडं थांबून दोघं पुढे चालू लागले. १९९७ पासून शस्त्रसंधी आहे, आणि त्या मुलाचं वय शस्त्रसंधीपेक्षा कमी. इथे येणाऱ्या आपल्या माणसांनी ही शिळा वाचावी असं मला मनापासून वाटतं. रागावण्यासाठी नाही, ज्यांच्या चुलीपाशी आपण बसतो त्यांनी काय सोसलंय ते कळावं म्हणून.

रविवार : सगळं बंद, आणि आजी

रविवारी कोहिमात दुकान, हॉटेल, टॅक्सी काही मिळत नाही असं समजूनच चाला. आंटींबरोबर आम्ही गावातल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये गेलो. तेन्यिदिए भाषेतली गाणी चार सुरांत, अख्ख्या सभागृहानं, पुस्तक न पाहता म्हटलेली. बाबा मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. त्यांना काकड्याचे अभंग आठवले असं नंतर म्हणाले. दुपारी अरादुरा टेकडीवरचं कॅथलिक कॅथीड्रल बाहेरून पाहिलं. त्याचं छप्पर अंगामी घराच्या धाटणीचं. ते बांधायला, इथे मेलेल्या जपानी सैनिकांच्या कुटुंबीयांनीही पैसे दिले होते.

संध्याकाळी चुलीपाशी आंटींच्या आई येऊन बसल्या. वय नव्वदीच्या आसपास, खांद्यावर लाल-काळ्या काठाची शाल. त्या तेन्यिदिएत बोलत, नात हिंदीत सांगे. युद्ध आलं तेव्हा त्या लहान होत्या. जपानी गावात शिरले, कोठ्यांतलं धान्य आणि गुरं घेऊन गेले. त्यांच्याकडे द्यायला कागदाचे पैसे होते, जे कुठेच चालेनात. सातोंच्या फौजेनं निघताना तीनच आठवड्यांचा शिधा बरोबर घेतला होता, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या वाक्याचा अर्थ मला आजींनी सांगितला. मग गाव सोडून सगळे जंगलात गेले. रानातले कंद खाल्ले. रात्री चूल पेटवायची नाही, धूर दिसला तर तोफेचा गोळा येई. भाऊ आजारी पडला, तो तिकडेच राहिला. परत आले तेव्हा गावात एक घर उभं नव्हतं. कोहिमा गाव जपान्यांनी धरून ठेवलं होतं, त्यामुळे ब्रिटिश तोफा आणि विमानांनी ते भाजून काढलं होतं.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याचं घर जळलं, आणि त्याच तिसऱ्यानं जखमींना डोल्यांतून उचलून डोंगर उतरवले, वाटा दाखवल्या, शत्रूची खबर आणली. ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेचे सेनापती जनरल स्लिम यांनी नागांचं हे ऋण मोकळेपणानं मान्य केलंय. ब्रिटनच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांनी नागा मुलांच्या शिक्षणासाठी एक न्यासही उभारला. हे चांगलंच झालं. पण आजींच्या भावासाठी कुठे पितळी पाटी नाही, आणि मला शुक्रवारच्या त्या ९१७ नावांइतकीच त्याचीही आठवण येत राहते.

बाबांनी आजींना विचारलं, राग येतो का. आजींनी आधी लाकूड पुढे सारलं. मग म्हणाल्या, कुणाचा? सगळी पोरंच होती. उपाशी होती.

सोमवार : झुको दरी

बाबा घरी थांबले, मी वाटाड्याबरोबर पहाटे पाचला निघाले. विस्वेमाकडून कच्च्या रस्त्यानं गाडी बरीच वर जाते. तिथून तासभर दगडी पायऱ्यांचा खडा चढ, मग खिंड, आणि पुढे डोंगराच्या कुशीतून जवळजवळ सपाट वाट. खिंडीत पोहोचले तेव्हा गवतावर पांढरं दहिवर पडलं होतं. दरी म्हणजे ठेंगण्या बांबूनं मढवलेल्या गोलगोल टेकड्या, मधून वळणं घेणारा ओढा. उंची साधारण २,४५० मीटर. झाडं जवळजवळ नाहीत, त्यामुळे वाऱ्याला अडवायला काही नाही. काही उतारांवर उभी काळी खोडं दिसली, वणव्यांची खूण. म्हणूनच तिथे आग पेटवण्याबाबत गावचे लोक फार कडक आहेत.

जाणाऱ्यांसाठी: लिलीची फुलं हवी असतील तर जून-जुलै, पण तेव्हा पाऊस आणि जळवा. नोव्हेंबरात आकाश स्वच्छ. एका दिवसात जाऊन यायचं तर पहाटेच निघा, दुपारी एकला परतीला लागा. जाखामाची वाट जवळची पण फार खडी. उतरतानाही गुडघे दुखतात. प्लास्टिक परत आणा.

मंगळवार : किग्वेमा, किसामा, आणि परत

आधी किग्वेमाला गेलो. जपानी फौज इथे ४ एप्रिल १९४४ ला दुपारी तीन वाजता आली, ही वेळ गावानं लिहून ठेवलीय. सातो याच गावात राहिले होते. मेअखेर, रसद येत नाही म्हणून, वरिष्ठ मुतागुची यांचा हुकूम मोडून त्यांनी उरलेली माणसं माघारी न्यायला सुरुवात केली. पुढे त्यांना पदावरून काढलं. बाबा म्हणाले, फौजेत असं करायला लढण्यापेक्षा जास्त छाती लागते.

किसामाच्या वारसा-गावात हॉर्नबिल महोत्सवाची तयारी चालली होती. सुतार मोरुंगांच्या, म्हणजे नागांच्या पारंपरिक युवागृहांच्या, तुळया घासत होते. महोत्सव १ ते १० डिसेंबर, त्यावेळी खोल्या काही महिने आधी बघाव्या लागतात. तिथल्या युद्ध संग्रहालयात गंजलेली शिरस्त्राणं, डबे, तोफांचे तुकडे आहेत. शेतं नांगरताना अजूनही असं काही ना काही निघतं, असं तिथल्या माणसानं सांगितलं.

बाजारातून बाबांनी उतीसचं रोप मिळतं का पाहिलं. मिळालं नाही, आणि साताऱ्याच्या हवेत जगलंही नसतं. आंटींनी राजा मिरचीचं बी कागदात बांधून दिलं.

तुम्ही जाल तर आमचा क्रम उलटा करा. आधी खोनोमा, तिथे एक रात्र. मग कोहिमा गावात चुलीपाशी एक संध्याकाळ. युद्धस्मशानभूमी त्यानंतर. आणि रविवार मधे येईल असं तिकीट काढा.